गॉब्लेट पेशी वाढल्या की घटल्या?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. ती बेळगावात राहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. सेमिनारसाठी तिनं दोन शोधनिबंध वाचले. एकात लिहिलंय, गॅमा किरण दिल्यावर उंदराच्या आतड्यातल्या श्लेष्मा करणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढल्या. दुसऱ्यात लिहिलंय, घटल्या. "मॅडम, यातलं खरं कुठलं धरू?" आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "निपाणीच्या आजोबांना गालाच्या कॅन्सरसाठी किरणांचे ३३ शेक दिले. आता तोंड कोरडं ठक्क असतं, पण थुंकी मात्र दोऱ्यासारखी ताणली जाते. चिकट पदार्थ करणाऱ्या पेशी किरणांनी मरतात, तर ही तार येते कुठून?"

दोन्ही निबंध खरे असू शकतात. पण तुझा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे, म्हणून मी तिथूनच सुरू करते. मी जन्मभर ऊतींचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, त्यात बरीच वर्षं किरण दिलेल्या उंदरांची आणि घुशींएवढ्या पांढऱ्या रॅट्सची आतडी आणि लाळग्रंथी. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आपल्या तोंडात दोन जातीच्या लाळपेशी असतात. सीरस पेशी पाण्यासारखी पातळ, एन्झाइम असलेली लाळ सोडतात. म्यूकस पेशी चिकट श्लेष्मा सोडतात. कानाखालची पॅरोटिड ग्रंथी जवळजवळ पूर्ण सीरस. जिभेखालची सबलिंग्वल बहुतेक म्यूकस. जबड्याखालची सबमँडिब्युलर मिश्र, आणि आपण गप्प बसलेलो असतो तेव्हाची सुमारे दोन तृतीयांश लाळ हीच पुरवते. भाकरीचा तुकडा तोंडात गेला की मग पॅरोटिड जोर धरते. याशिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या आत शेकडो बारीक ग्रंथी आहेत, त्याही बऱ्याचशा म्यूकसच्या.

आता शेक सुरू झाले. किरणांना सीरस पेशी सोसत नाहीत, म्यूकस पेशी त्या मानानं तग धरतात. म्हणजे डाळीतलं पाणी गेलं, गाळ राहिला. आजोबांच्या तोंडातली तार म्हणजे जास्तीचा श्लेष्मा नव्हे. पूर्वी इतकाच किंवा त्याहून कमी श्लेष्मा आहे, त्याला पातळ करणारं पाणी नाही. म्हणून कोरडं आणि चिकट एकदम.

हे सांगायला सोपं, पण पुस्तकी नियमात बसत नाही. १९०६ साली बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच वैद्यांनी रॅटच्या वृषणांवर काम करून नियम मांडला: जी पेशी जास्त विभागते आणि जितकी कमी 'तयार' झालेली असते, तितकी ती किरणांना हळवी. अस्थिमज्जा, आतडं, केसांची मुळं सगळी या नियमात नीट बसतात. सीरस पेशी बसत नाही. ती पूर्ण तयार झालेली, क्वचित विभागणारी, मग तिनं वर्षभर दम धरायला हवा. पण शेक सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रुग्णाची लाळ निम्म्याच्या आसपास येते. ऱ्हीसस माकडांमध्ये एकाच मात्रेनंतर २४ तासांत सीरस पेशी विभागणीची वाट न बघता मरताना दिसल्या, आणि शेजारच्या म्यूकस पेशी बऱ्यापैकी शाबूत होत्या.

रॅटमध्ये गोष्ट थोडी वेगळी निघाली, आणि इथेच प्रयोगशाळेतला प्राणी आणि माणूस यात घाईनं पूल बांधू नये हे कळतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटानं रॅटच्या लाळग्रंथींना एकदाच १५ ग्रे दिले. (ग्रे म्हणजे एका किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा, जुन्या निबंधांत रॅड असेल तर शंभरानं भाग.) पहिल्या दहा दिवसांतच लाळेचं पाणी आटलं, पण पेशींची संख्या तेवढी उतरलेली नव्हती, आणि लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम सुटत होतं. म्हणजे पेशी जिवंत होती, फक्त 'पाणी सोड' हा चेतातंतूचा निरोप पेशीच्या पडद्यापाशी अडत होता. पेशी खरोखर कमी होणं पुढच्या टप्प्यात आलं, आणि त्यानंतर १२० ते २४० दिवसांत नव्या पेशी आल्या तरी त्या नीट काम करेनात. त्या गटानं हे चार टप्पे मांडलेत. सेमिनारमध्ये घालायचंच तर हे घाल, कारण 'पेशी मेली' आणि 'पेशी गप्प बसली' यातला फरक पुढे आतड्यातही लागणार आहे.

आजोबांसाठी दोन शब्द. घोटघोट पाणी, फ्लोराइडची टूथपेस्ट, आणि दातांची तपासणी चुकवू नका, कारण लाळ नसली की दात भराभर किडतात. लाळ वाढवणाऱ्या पायलोकार्पिनसारख्या गोळ्या असतात, पण दमा किंवा काचबिंदू असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या. तंबाखूच्या गावातल्या माणसाला काय सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शेक देताना निदान एका बाजूची पॅरोटिड वाचवता आली, तिला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवता आलं, तर लाळ हळूहळू बरीच परत येते. हा आकडा १९९९ पासून नियोजनात वापरतात. नव्या मशीनचा आग्रह धरतात तो बराचसा याचसाठी.

आता आतडं.

आपल्याकडे 'आव पडली' म्हणतात ना, तो आव म्हणजे आतड्याचा श्लेष्मा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पोटाला शेक घेतलेल्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेमकं हेच सांगतात. हा श्लेष्मा मुख्यतः म्यूक २ नावाच्या प्रथिनाचा. त्याच्या वजनाचा मोठा भाग साखरेच्या साखळ्यांचा असतो. गॉब्लेट पेशी तो कॅल्शियमच्या मदतीनं दाबून दाबून भरून ठेवते आणि बाहेर सोडला की तो पाणी पिऊन शेकडो पट फुगतो. फालुद्यातला सब्जा भिजवलेला पाहिला असशील. कोरडा दाणा मोहरीपेक्षा बारीक, दहा मिनिटांत भोवती बुळबुळीत वलय. तसंच. उंदराच्या मोठ्या आतड्यात या श्लेष्म्याचे दोन थर असतात. आतला थर साधारण ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि घट्ट, त्यात जिवाणू शिरू शकत नाहीत. हे २००८ साली स्वीडनच्या गटानं दाखवलं. लहान आतड्यात एकच सैल थर.

या पेशी येतात कुठून? आतड्याच्या भिंतीत बोटासारखे उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणायचं (एकटा असला तर व्हिलस), आणि उंचवट्यांच्या पायथ्याशी विहिरीसारख्या खोल क्रिप्ट. विहिरीच्या तळाशी मूळपेशी. त्या विभागतात, लेकी वर सरकतात, सरकता सरकता कुणी शोषण करणारी होते, कुणी गॉब्लेट, आणि उंदरात तीन ते पाच दिवसांत टोकाला पोचून गळून पडते. गोकाकच्या धबधब्यासारखं, पाणी तेच दिसतं, पण प्रत्येक थेंब वेगळा. फक्त इथं प्रवाह खालून वर.

किरण पडले की गॉब्लेट पेशी स्वतः सहसा मरत नाही. ती तयार झालेली, विभागणी थांबवलेली. मरते तिची आई. मँचेस्टरच्या पॉटेन यांनी दाखवलं की क्रिप्टच्या तळापासून चौथ्या जागेच्या आसपासच्या पेशी इतक्या हळव्या असतात की ०.०५ ग्रेनंसुद्धा काही मरतात, आणि मेलेल्या पेशींचे तुकडे तीन ते सहा तासांत सर्वात जास्त दिसतात. त्याच वेळी विभागणी थांबते. पण व्हिलसवर तेव्हा काहीच दिसत नाही! वर जाणाऱ्या लेकी आधीच निघालेल्या असतात, त्या वर जातच राहतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी क्रिप्ट आक्रसते, तिसऱ्या दिवसापासून व्हिलस खुजा व्हायला लागतो, कारण वरून गळती चालू आणि खालून पुरवठा बंद. मात्रा कमी असेल तर वाचलेल्या एखाद-दुसऱ्या मूळपेशीतून क्रिप्ट पुन्हा उभी राहते. १० ग्रेच्या पुढे सगळ्या शरीराला मात्रा दिली, तर बहुतेक क्रिप्ट परत येत नाहीत आणि उंदीर चार ते सात दिवसांत जातो. त्याहून खालच्या मात्रांना मृत्यू अस्थिमज्जेमुळे, १० ते ३० दिवसांत येतो.

आता तुझ्या दोन निबंधांकडे ये. कधी मारलेला उंदीर? पहिल्या दिवशी, तिसऱ्या, की सातव्या? आणि कशाच्या भागाकारात मोजलं?

कागद घे. समज, एका व्हिलसच्या कापात १०० पेशी आहेत आणि त्यात ८ गॉब्लेट. किरणांनंतर शोषण करणाऱ्या पेशी गळाल्या, एकूण ५० राहिल्या आणि गॉब्लेट ६. एका माणसानं 'प्रति व्हिलस' मोजलं: ८ वरून ६, घट. दुसऱ्यानं 'दर शंभर पेशींमागे' मोजलं: ८ वरून १२, वाढ. दोघांची स्लाइड एकच. निबंधाच्या सारांशात फक्त 'गॉब्लेट पेशी' लिहिलेलं असतं, कशानं भागलं ते आत पद्धतीच्या परिच्छेदात बारीक अक्षरात. आधी ते शोध.

वाढ नेहमीच भागाकाराचा खेळ असते असंही नाही. क्रिप्टमधल्या अर्धवट वाढलेल्या पेशी धोक्यात आल्या की विभागायचं सोडून लवकर 'तयार' होतात, आणि तयार होताना गॉब्लेटचा रस्ता धरू शकतात. नॉच नावाचा संकेत औषधानं बंद केला तर क्रिप्टमधल्या विभागणाऱ्या पेशी सगळ्या गॉब्लेट होतात, हे उंदरांत २००५ सालीच दिसलंय. त्यामुळे 'वाढ' हा शब्द वाचला की घरच्या तिजोरीत भर पडली असं समजू नकोस. शेतकऱ्यानं बियाणंच दळून भाकऱ्या केल्या तर त्या दिवशी घरात भाकऱ्या जास्त दिसतात.

आणि घट? तिथेही फसवणूक आहे. आपण पेशी मोजत नाही, पेशीतला रंगलेला माल मोजतो. पीएएस रंगानं साखर गुलाबी-जांभळी दिसते, अल्शियन ब्ल्यूनं आम्लधर्मी श्लेष्मा निळा. गॉब्लेटनं माल ओतून टाकला असेल, तर ती जिवंत असूनही रंग घेत नाही, आणि आपण वहीत तिच्या नावावर फुली मारतो. लाळग्रंथीत जे बघितलं तेच, उलट्या बाजूनं: तिथे पेशी होती पण काम नव्हतं, इथे काम झालंय म्हणून पेशी दिसत नाही. शक्य असेल तिथे दोन्ही रंग एकत्र लाव, आणि एका शेजारच्या कापावर म्यूक २ ची प्रतिपिंडं लावून खात्री कर.

माझी स्वतःची एक फजिती सांगते. नवीन होते तेव्हा किरण दिलेल्या गटात गॉब्लेट पेशी घसघशीत वाढलेल्या मिळाल्या. आठवडाभर हवेत होते. मग सरांनी विचारलं, तुकडा कुठून कापलास? नियंत्रण गटाचे, म्हणजे किरण न दिलेल्यांचे, तुकडे जठराच्या जवळचे, आणि किरणवाल्यांचे काही सेंटीमीटर पुढचे. गॉब्लेट पेशींचं प्रमाण ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, चारेक टक्के असतं आणि खाली खाली वाढत मोठ्या आतड्याच्या शेवटाला सोळाच्या आसपास जातं. मी किरणांचा परिणाम नाही, आतड्याचा नकाशा मोजला होता. तेव्हापासून पूर्ण आतडं उभं चिरून, आतली बाजू नीट ठेवून, गुंडाळी करून एकाच ठोकळ्यात घ्यायला लागले. स्विस रोल म्हणतात त्याला. आमच्या प्रयोगशाळेत त्याला अळूवडीच म्हणत. एका कापात वरपासून खालपर्यंत सगळं दिसतं.

दुसरी गोष्ट ऊती टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनची. पाण्यातलं फॉर्मॅलिन श्लेष्म्याचा थर धुऊन, आक्रसून टाकतं. पेशी मोजायच्या असतील तर चालेल, पण थराची जाडी मोजायची असेल तर कार्नॉयचं द्रावण हवं: साठ भाग निर्जल अल्कोहोल, तीस क्लोरोफॉर्म, दहा ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. आणि आतडं आधी सलाइननं धुवायचं नाही, आत विष्ठा असली तरी असू दे. एखाद्या निबंधात फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या आतड्याच्या 'श्लेष्माथराची जाडी' दिली असेल तर मी तो आकडा वाचत नाही.

तिसरी गोष्ट उपासमारीची. किरण दिलेला उंदीर खाणं सोडतो. रॅट आणि उंदीर ओकत नाहीत, त्यांना ते जमतच नाही. त्याऐवजी जठर रिकामं व्हायचं थांबतं, आणि रॅट तर मळमळीत केओलिन माती खातात. न खाल्लेल्या आतड्याचे व्हिलाय आपोआपच खुजे होतात. म्हणून निदान एक नियंत्रण गट तेवढंच कमी खाणारा हवा. हे फार थोड्या निबंधांत असतं. क्रिप्टमधली विभागणीही दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलते, त्यामुळे एक गट सकाळी आणि दुसरा संध्याकाळी मारला असेल तर तेही बघ.

तू ज्या निबंधात 'वाढल्या' वाचलंस तो बहुधा आपल्याकडच्याच परंपरेतला असेल. मणिपालला उमादेवींनी तुळशीतल्या ओरिएंटिन आणि व्हायसेनिन या द्रव्यांवर किरणसंरक्षणाचं काम केलं. तिथेच गणेश जगेतिया आणि सहकाऱ्यांनी बेलाच्या पानांचा अर्क उंदरांना देऊन व्हिलसची उंची, क्रिप्टची संख्या, मेलेल्या पेशी आणि गॉब्लेट पेशी मोजल्या. किरणांनी गॉब्लेट आणि मेलेल्या पेशी वाढल्या, अर्क दिल्यावर त्या कमी वाढल्या, असा तो निष्कर्ष. जयपूरलाही अशा धर्तीवर पुष्कळ काम झालं. त्यात गॉब्लेटची वाढ ही इजेची खूण म्हणून धरलेली असते, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण माझं मत विचारशील तर एकट्या गॉब्लेटच्या आकड्यावर 'संरक्षण झालं' म्हणायला मी तयार नाही. विदर्स आणि एलकाइंड यांची १९७० ची पद्धत जास्त विश्वासाची: किरणांनंतर साडेतीन दिवसांनी आतड्याच्या आडव्या कापात किती क्रिप्ट पुन्हा उभ्या राहिल्या ते मोज. ती आईची मोजणी आहे, लेकींची नव्हे.

मग श्लेष्म्याचं काही महत्त्वच नाही का? आहे, आणि फार. किरणांनी भिंत पातळ झाली की तिच्यापलीकडे काय आहे यावर सगळं ठरतं. जन्मापासून जंतूंशिवाय वाढवलेले उंदीर आतडं मारणाऱ्या मात्रेनंतर साध्या उंदरांपेक्षा काही दिवस जास्त जगतात. त्यांच्या आतड्यात पेशींची ये-जाही संथ असते, त्यामुळे श्रेय एकट्या जंतूंच्या अभावाला देता येत नाही. पण म्यूक २ चं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना किरण न देताही आतड्यात सूज येते आणि गाठी होतात. चिखलाचं लिंपण गेलं की कूड किती दिवस टिकणार?

उशिराचे परिणाम वेगळेच. महिन्यांनी भिंतीत तंतू भरतात, रक्तवाहिन्या बारीक होतात. ते अभ्यासायला रॅटच्या आतड्याचा एक वेटोळा शस्त्रक्रियेनं अंडकोशाच्या पिशवीत आणून बसवतात, म्हणजे बाकीच्या शरीराला किरण न लागता त्या वेटोळ्यालाच पुनःपुन्हा मात्रा देता येते. माणसाला शेक तुकड्यातुकड्यांनीच देतात, त्यामुळे आजोबांच्या किंवा पोटाला शेक घेतलेल्या बाईच्या जवळ जाणारा नमुना हाच. अशा जुन्या इजेत श्लेष्मल ग्रंथी स्नायूच्या थरात खोल शिरून श्लेष्म्यानं भरलेल्या पिशव्या करतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो श्लेष्मा गळणारा कॅन्सरच वाटतो. त्यातली पेशी साधी, शांत असेल आणि भोवती नेहमीचं संयोजी ऊतक असेल, तर घाई करायची नाही.

शेवटचं, मात्रेबद्दल. तू ज्या निबंधात स्रोत कोबाल्ट-६० लिहिलाय, त्यात मात्रा मोजल्याची तारीख दिली आहे का बघ. कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला एक टक्क्याहून जास्त घट. दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीवर घड्याळ लावून १० ग्रे दिले असं समजलं, तर प्रत्यक्षात ७.७ च्या आसपास गेले. आतड्यानं मरायचा उंदीर अस्थिमज्जेनं मरतो, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत म्हणून मग सेमिनार होतात.

आणि हो, तू पत्रात 'आपण करून बघू का' म्हणालीस. नव्यानं उंदीर घेऊन नको. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीती समितीची परवानगी लागते, ती लागायलाच हवी, आणि या प्रश्नासाठी एकही जास्तीचा उंदीर मारायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या विभागात जुने मेणाचे ठोकळे नक्की असतील. त्यातले किरण दिलेल्या उंदरांचे असतील तर गाइडना विचारून पाच मायक्रॉनचे ताजे काप काढ, अल्शियन ब्ल्यू २.५ पीएचवर आणि त्यावर पीएएस लाव. लेबल झाकून मोज, नाहीतर मैत्रिणीला झाकायला सांग. प्रत्येक व्हिलसमागे किती, दर शंभर पेशींमागे किती, आणि व्हिलसची उंची, तिन्ही रकाने वेगळे भर.